समितीतली मास्तरची खुर्ची

(काल्हेर, ता. भिवंडी, जि. ठाणे येथे कामासाठी आलेल्या कोरडवाहू शेतकरी कुटुंबांच्या बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून त्यावर चर्चा व्हावी म्हणून येथे देत आहोत.)



आज कापसाच्या भावावर बोलायला मी आलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण इथे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गोदामे पाहिली. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, नुसती गोदामेच गोदामे. मुंबई-ठाण्याची जकात चुकवायला व्यापाऱ्याने हद्दीबाहेर माल ठेवायला सुरुवात केली आणि आगरी शेतकऱ्याच्या भाताच्या खाचरांवर पत्र्याची शेड उभी राहिली. मुंबईची जकात 2017 साली गेली, गोदामे मात्र राहिली. त्या गोदामांत पाठीवर माल वाहणारी पोरे कुठली? हात वर करा म्हटले तर निम्मे हात यवतमाळ, वाशीम, हिंगोली, परभणीकडचे निघतील. पऱ्हाटी आणि ज्वारीने पोट भरेना, म्हणून तुम्ही इथे आलात. ते दुखणे जुने आहे, त्यावर आपण बोलत आलो आहोत आणि बोलत राहू.

आज बोलायचे आहे तुमच्याबरोबर आलेल्या पोरांबद्दल. बैठकीआधी चहा घेताना एका मायबहिणीने मला सांगितले, "भाऊ, पोरगी गावाकडे चौथीत होती. दिवाळीनंतर इकडे आलो. शाळेत गेलो तर म्हणाले दाखला आणा. दाखला आणायला गावी जायचे तर चार दिवसांचा रोज बुडतो. आता जूनमध्ये बघू." म्हणजे ती पोरगी सहा महिने धाकट्या भावाला सांभाळत खोलीत बसणार आणि जूनमध्ये तिला मागचे काही आठवणार नाही. पुढे काय होते हे मी सांगायला नको.

या बहिणीला दोन गोष्टी ठाऊक नव्हत्या. एक म्हणजे, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश घेताना दाखला यायला उशीर झाला, तरी त्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही आणि लांबवताही येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, ज्या शाळेने तिला परत पाठवले त्या शाळेच्या समितीत एक खुर्ची अशी आहे, की तिच्यावर बसलेल्या माणसाने तोंड उघडले असते तर ही पोरगी त्याच दिवशी वर्गात बसली असती. ती खुर्ची शिक्षक प्रतिनिधीची. आजचे माझे बोलणे त्या एका खुर्चीबद्दल आहे.

खुर्ची कुठून आली?

गावातल्या शाळेचा कारभार पालकांनी पाहावा, ही कल्पना आजची नाही. आधी ग्राम शिक्षण समित्या होत्या. सरपंच, पोलीस पाटील आणि गावातले दोन प्रतिष्ठित असे त्यांचे रूप असे. 2009 च्या कायद्याने हे बदलले. कलम 21 प्रमाणे विनाअनुदानित खाजगी शाळा सोडून प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात चारात तीन सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून होतो, मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतो. उरलेल्या चौथ्या हिश्श्यात एक लोकप्रतिनिधी, एक शिक्षणाची जाण असलेला स्थानिक माणूस आणि एक शिक्षक. हा शिक्षक मुख्याध्यापकाने नेमायचा नसतो आणि साहेबाने पाठवायचा नसतो. शाळेतल्या शिक्षकांनी आपल्यातून तो निवडायचा असतो.

खाजगी इंग्रजी शाळेत पोरे घातलेलेही इथे आहेत. त्यांच्यासाठी 2011 चा फी नियमनाचा कायदा आहे. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याची कार्यकारी समिती. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांतून उपाध्यक्ष, शिक्षकांतून सचिव, पालकांतून दोन सहसचिव, शिवाय प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक. संस्थेला फी वाढवायची असेल तर नवे वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी तिने हिशेबासह प्रस्ताव या समितीपुढे ठेवायचा असतो. तिथला सचिव शिक्षक आहे, म्हणजे कागद त्याच्या हातात आहेत. तो कागद सगळ्यांना दाखवतो की फक्त सही मागतो, एवढ्यावर तुमच्या फीचे भवितव्य ठरते.

कायद्याने खुर्ची दिली. पण तिच्यावर बसलेला मास्तर बोलतो का?

गप्प बसलेला मास्तर

मी स्वतः एका समितीत पालक म्हणून बसलो आहे. शाळेचे नाव सांगत नाही, कारण ती एकटी शाळा तशी नाही. पहिल्या बैठकीला गेलो. वही पुढे आली, त्यावर आधीच लिहिलेले होते, "सर्वानुमते मंजूर". काय मंजूर, ते वर लिहायचे बाकी होते. मी शेती शास्त्राची पदवी घेतलेला, आंदोलनात तुरुंग पाहिलेला माणूस. मी काय केले? घड्याळ पाहिले आणि सही केली. शेजारी शिक्षक प्रतिनिधी बसले होते. त्यांच्या वर्गाचे छप्पर गळत होते, पोरे पावसात एका कोपऱ्यात दाटीने बसत होती. त्यांनीही सही केली. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही छपराचे काढाल असे वाटले होते." मी म्हणालो, "गुरुजी, मला छपराचे माहीतच नव्हते. मला वाटले, तुम्ही काही काढाल."

अशी गंमत आहे. ज्याला माहीत आहे तो बोलत नाही आणि ज्याला बोलता येते त्याला माहीत नाही. पणन केंद्रावर ग्रेडर कापसाची प्रत ठरवायचा तेव्हा आपण गाडीजवळ मान खाली घालून उभे राहायचो, तसेच आपण आपल्या पोरांच्या शाळेत उभे आहोत.

मास्तर का बोलत नाही? तो नोकर आहे. त्याचा गोपनीय अहवाल मुख्याध्यापकाच्या हातून वर जातो, त्याची बदली जिल्हा परिषद करते. बैठकीत त्याच्या शेजारी त्याचा साहेबच बसलेला असतो. आणि आपल्याकडच्या वाड्या-तांड्यांवर शाळा दोन शिक्षकांची. एक मुख्याध्यापक, दुसरा शिक्षक प्रतिनिधी. तो स्वतःच्या एका मताने निवडून आला म्हणायचे. अशा माणसाकडून त्याने एकट्याने शौर्य करावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे बिनपाण्याच्या रानात बागायती पिकाची अपेक्षा धरण्यासारखे आहे.

आणखी एक कारण आहे, ते आपले आहे. आपण आंदोलनात वर्षानुवर्षे मांडणी केली, एकीकडे पगारदार आणि दुसरीकडे शेतकरी. वेतन आयोग आला की मास्तरचा पगार वाढतो आणि आपल्या हाती उलटी पट्टी येते, ही चीड खोटी नाही. पण त्या चिडीपोटी आपण मास्तरला शत्रूच्या छावणीत ढकलून मोकळे झालो. तो शाळेत आला की म्हणतो, पालक अडाणी, त्यांना पर्वा नाही. आपण पारावर बसून म्हणतो, मास्तर फुकटचा पगार खातो. दोघांच्या मध्ये पोर उभे आहे. ते वाचायला शिकले नाही तर मास्तरचा पगार थांबत नाही. नुकसान आपले होते.

फुल्यांनी मागितलेला मास्तर

हा प्रश्न दीडशे वर्षांचा आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा बराचसा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, हा त्यांचा पहिला मुद्दा. लोकल फंडाच्या उत्पन्नातला निम्मा हिस्सा फक्त प्राथमिक शिक्षणाला द्या, असे त्यांनी मागितले. पुढच्याच वर्षी ज्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांना शेतसाऱ्याचा हिशेब चांगला कळत होता.

पण त्याच निवेदनात त्यांनी मास्तर कसा हवा तेही सांगितले आहे. तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मिसळणारा, त्यांच्या गरजा जाणणारा. अभ्यासात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे. मास्तरचा पगार वाढवा असेही त्यांनी मागितले, आणि गावची काही लिहिण्या-नोंदण्याची कामे त्याच्याकडे द्या म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल, असे सुचवले. लक्षात घ्या, फुल्यांनी मास्तरचा पगार कमी करा म्हटले नाही. पगार द्या आणि तो आमच्यातला करा, असे म्हटले.

याच जुन्या ठाणे जिल्ह्यात दुसरे उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. आदिवासी पोरे शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी पालकांना नावे ठेवली नाहीत. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. पोर का येत नाही याचे उत्तर त्यांनी हजेरीपटावर शोधले नाही, घरात जाऊन शोधले. पुढे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालल्या, त्यांमागेही हाच विचार होता. शिक्षक प्रतिनिधीचे काम याहून वेगळे नाही. घरातली गोष्ट शाळेत आणायची आणि शाळेतली गोष्ट घरापर्यंत पोचवायची.

त्याने नेमके काय करायचे?

पहिले काम हिशेबाचे. गुलाबी बोंडअळी आपण 2017 साली भोगली. त्यानंतर आपण काय शिकलो? अळी बोंडात शिरल्यावर फवारून उपयोग नाही. कामगंध सापळे लावायचे, रोज पतंग मोजायचे, सापळ्यामागे सलग तीन दिवस आठ-दहा पतंग दिसले की हालचाल करायची. शिक्षक प्रतिनिधी हा शाळेचा सापळा मोजणारा माणूस आहे. दर महिन्याच्या बैठकीत त्याने तीन आकडे ठेवले पाहिजेत. पटावर किती पोरे आणि रोज सरासरी किती आली? किती पोरांना आपल्या इयत्तेचा धडा वाचता येतो आणि साधी वजाबाकी येते? आणि या महिन्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे दिवस किती झाले? पोरांची नावे घेऊ नयेत, कोणाच्या लेकराची चारचौघांत शोभा करू नये. नुसते आकडे पुरेत.

एका कापूस पट्ट्यातल्या शाळेत एका बाईंनी हे केले. त्यांनी बारा महिन्यांची हजेरी एका कागदावर मांडली. ऑगस्टपर्यंत बरी, सीतादही होऊन वेचणी सुरू झाली की धाडकन खाली. बाप लोक म्हणाले, "वेचणीला हात लागतात, काय करणार?" बाईंनी वाद घातला नाही. फळ्यावर मांडणी केली. पोर दिवसाला किती वेचते? दहा किलो. किलोमागे दहा रुपये धरले तर शंभर रुपये. तीस दिवसांचे तीन हजार. मग त्या म्हणाल्या, "तीन हजारांत तुम्ही चौथीचे एक वर्ष विकले. कापूसही याहून स्वस्त विकत नाही तुम्ही." बैठक गप्प झाली. त्या वर्षी समितीने ठरवले, दुपारच्या सुट्टीनंतर पाठवा, पण सकाळी वर्गात बसवा. सगळा प्रश्न सुटला नाही. काही पोरे तरीही रानातच राहिली. पण गळती कुठे आहे हे गावाला पहिल्यांदा दिसले.

दुसरे काम पालकांची बाजू शिक्षकांच्या खोलीत मांडण्याचे. सहामाही परीक्षा नेमकी वेचणीच्या भरात येते, पालक सभा बाजाराच्या दिवशी ठेवली जाते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या माणसालाच कळते. कायद्याच्या कलम 24 प्रमाणे पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणे हे प्रत्येक शिक्षकाचे कर्तव्यच आहे. ती भेट कधी ठेवली तर माणसे येतील, हे प्रतिनिधीने सांगायचे.

तिसरे काम येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांचे, आणि इथे काल्हेरात हेच पहिले आहे. गावाकडच्या शाळेतल्या शिक्षक प्रतिनिधीने दसऱ्याआधी यादी करावी. कोणते कुटुंब जाणार, कुठे जाणार, कोणते पोर मागे ठेवता येईल. जिथे हंगामी वसतिगृहाची सोय आहे तिथे ती मागावी. जे पोर जाणार त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे, दाखला मागितला तर लगेच द्यावा. कायदा सांगतो, मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा आहे, उशीर केला तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि इकडच्या शाळेतल्या प्रतिनिधीने नवीन पोर आले की आधी वर्गात बसवावे, कागद मागून मागवावेत. वयाप्रमाणे वर्ग आणि मागे पडले असेल तर विशेष प्रशिक्षण, हे कलम 4 मध्ये आहे.

चौथे काम वहीचे. इतिवृत्त बैठकीत लिहावे, मोठ्याने वाचावे, मग सह्या घ्याव्यात. कोऱ्या पानावर मास्तरने सही करू नये आणि आपणही करू नये. 101 ते 250 पटाच्या शाळेला समग्र शिक्षातून वर्षाला 50,000 रुपयांचे संयुक्त अनुदान ठरलेले आहे, त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा. पैसे कधी आले, कशावर गेले, हे त्या वहीत दिसले पाहिजे. खाते अध्यक्ष आणि मुख्याध्यापक या दोघांच्या सहीने चालते. म्हणजे पालक अध्यक्षाने डोळे मिटून सही केली तर पुढे तक्रार कोणाविरुद्ध करणार?

आता काय करायचे नाही तेही सांगतो. प्रतिनिधी हा वर्गणी गोळा करणारा नाही. मुख्याध्यापकाची री ओढणारा नाही. शिक्षकांच्या पगाराची, बदलीची भांडणे पालक समितीत आणणारा नाही, त्यासाठी त्यांच्या संघटना आहेत. आणि आपल्याच वर्गातल्या पोरांची पैसे घेऊन शिकवणी घेणारा तर नाहीच, कलम 28 ने ते शिक्षकाला बंद केले आहे.

त्याच्या पाठीशी कोण?

मघाशी म्हणालो, मास्तर भितो. त्याची भीती काढायला एकच उपाय आहे. तो एकटा बोलला तर ती तक्रार होते. त्याने आकडे ठेवले आणि पालकांनी ठराव केला, तर तो समितीचा ठराव होतो. समितीत पालक चारात तीन आहेत. छप्पर गळते हे मास्तरने सांगावे, दुरुस्तीचा ठराव पालकाने मांडावा, दुसऱ्या पालकाने अनुमोदन द्यावे. मग साहेबाने विचारले, कोण बोलले, तर उत्तर एकच, समिती बोलली.

शिकवण्याचे दिवस बुडतात त्याचेही तसेच. कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस किमान सांगितले आहेत. कलम 27 म्हणते, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपू नये. तरी मास्तर कधी या सर्वेक्षणाला तर कधी त्या माहितीला बसलेला दिसतो. पारावर आपण म्हणतो, मास्तर शाळेत नसतो. तो कुठे असतो हे त्याने तारखेसह वहीत लिहावे आणि आपण ते वर कळवावे. इथे शेतकऱ्याचे आणि मास्तरचे हित एकच आहे.

शाळा टिकवायचीही हीच वाट आहे. 2017 च्या डिसेंबरमध्ये सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून पोरे जवळच्या शाळेत हलवण्याचे ठरवले होते. पट का घसरला, माणसे कुठे गेली, याचा हिशेब गावापाशी नसला तर मुंबईत बसलेला माणूस नुसता आकडा पाहतो आणि काट मारतो. तुम्ही इकडे आलात म्हणून तिकडची शाळा रिकामी, आणि इकडच्या शाळेत तुमच्या पोराला दाखल करत नाहीत. दोन्हीकडच्या पटावर नसलेले पोर कोणाचे? आपलेच आहे.

सरकारने समित्या काढायच्या आणि मोडायच्या हे चालूच असते. शाळापातळीवर इतक्या समित्या झाल्या, की 2025 साली त्यांचे एकत्रीकरण करावे लागले. समित्यांच्या संख्येने पोर शिकत नाही. एक समिती पुरे, पण तिच्यात एक मास्तर खरे बोलणारा आणि त्याच्या पाठीशी बारा पालक हवेत.

घरी जाऊन करायच्या गोष्टी

आपल्या सवयीप्रमाणे कार्यक्रम देतो. एक, आपल्या शाळेचा शिक्षक प्रतिनिधी कोण हे या आठवड्यात शोधा. त्याच्या घरी जा, चहा घ्या, पगाराबद्दल टोमणा मारू नका. दोन, पुढच्या बैठकीत त्याला तीन आकडे मागा. तीन, बाई सदस्य असेल तर बैठकीला तीच जाईल, तिच्या जागी नवरा जाणार नाही. चार, कोऱ्या पानावर सही करायची नाही. मी केली होती, तुम्ही करू नका. पाच, काल्हेरातल्या ज्यांची पोरे घरी बसली आहेत, त्यांनी उद्या सकाळी माझ्याबरोबर शाळेत यायचे. भांडायला नाही. कलम 5 मुख्याध्यापकांपुढे ठेवू आणि शिक्षक प्रतिनिधी कोण आहेत ते विचारू.

आपण घामाचे दाम मागतो ते कशासाठी? पुढच्या पिढीला गोदामात पोते उचलायची वेळ येऊ नये म्हणून. भाव मिळायला वेळ लागेल, ती लढाई मोठी आहे. पण चौथीतल्या त्या पोरीला वर्गात बसवायला दिल्लीची परवानगी लागत नाही. एक मास्तर आणि आपण, एवढे पुरेत.

उद्या सकाळी दहा वाजता शाळेच्या फाटकापाशी भेटू.